माझा गुडघा आणि लंकाबाईंच्या चपला

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या कॉलनीत ती आजवर कुणी धड ऐकून घेतलेली नाही. लंकाबाईंच्या चपला मी हरवल्या नाहीत. त्या चोरीला गेल्या. या दोन्हींत काय फरक आहे ते मी शाळेत पोरांना शिकवते. पोरांना कळतं, महिला मंडळाला कळत नाही.

झालं असं. एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीतलं महिला मंडळ दरवर्षी बुद्धपौर्णिमेला लेण्यांवर जातं. पहिली सिटी बस पकडायची, पांढऱ्या साड्या नेसायच्या, आणि पायथ्याशी चपला काढून अनवाणी वर चढायचं. अनवाणी कशाला, हे मला विचारू नका. बाकी सगळं नाशिक चपला-बूट घालून पार वरपर्यंत जातं आणि आत शिरताना काढतं. पण आमच्या पहिल्या अध्यक्षीणबाईंनी ही पद्धत पाडली आणि ती मोडायची कुणाची छाती नाही. वर गेलं की वंदना मी सांगते. मी पुढे म्हणायचं, मंडळाने मागून. लग्न होऊन या कॉलनीत आले तेव्हापासून हा मान माझा. क्वार्टर ह्यांच्या नावावर, रेशनकार्ड ह्यांच्या नावावर, गॅसचा नंबर ह्यांच्या नावावर. वंदना तेवढी माझी.

आणि गेल्या वर्षी पायथ्याशीच उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की मी मटकन खालीच बसले. त्यावर आमच्या सध्याच्या अध्यक्ष लंकाबाई, ज्या माझ्याच जिन्यात समोरच्या दारात राहतात, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्ही आपल्या बसा इथंच. नाहीतरी चपलांपाशी कुणीतरी लागतंच."

चपलांपाशी! मी! मी बसले. काय करणार? भोवती चपलांचा ढीग, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि येणाराजाणारा विचारतोय, "मावशी, जोडाचे किती घेता?" त्यात एका बाईच्या पोराला चक्कर आली म्हणून मी पाणी द्यायला उठले. तेवढ्यात लंकाबाईंचा नवा कोरा जोड गायब. खाली येऊन त्यांनी जो तमाशा केला तो सांगत नाही. वर्षभर मात्र कॉलनीत एकच वाक्य: "सुमनबाईंच्या ताब्यात दिल्या होत्या हो!" आणि वंदनेचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे, "झाली की. मधलं थोडं राहिलं, पण चालतं." चालतं! मला ते 'चालतं' अजून झोंबतंय.

त्या दिवशी बसमध्येच मी ठरवलं. पुढच्या पौर्णिमेला मी वर असेन. चपलांपाशी कोण बसायचं ते बसो.

आता गुडघा दुखतो म्हटल्यावर कॉलनीत काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. ह्यांच्या स्टोअरमधल्या साहेबांच्या बायकोने निरगुडीचा पाला पाठवला. खालच्या मजल्यावरच्या कोंडाजींनी लोहचुंबकाचा पट्टा आणून दिला. तो बांधून स्वयंपाकाला उभी राहिले, तर हात लागेल ती उलथणी पायाला चिकटायची. एकीने सांगितलं मेथ्या खा, दुसरीने सांगितलं मेथ्या उष्ण, अजिबात खाऊ नका. आणि या सगळ्यांच्या वर लंकाबाई. त्यांनी दिवाळीनंतर गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं होतं. गुडघ्याला दोन इवलीशी भोकं पाडायची, एकातून दुर्बीण घालायची, दुसऱ्यातून आत धुऊनपुसून काढायचं. त्या वेळी आख्खी कॉलनी शहाळी घेऊन त्यांच्या दारात. लंकाबाई पलंगावर लोडाला टेकून बसल्या होत्या आणि येईल त्याला साडी गुडघ्यावर सरकवून त्या दोन खुणा दाखवत होत्या. मीही पाहिल्या. डास चावल्याएवढ्या होत्या.

आमच्या ह्यांच्यावर त्याचा भलताच परिणाम झाला. आमचे हे, झुंबरराव, वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये आहेत, आणि कुठलीही गोष्ट अर्ज केल्याशिवाय खरी झाली असं त्यांना वाटत नाही. मला न विचारता त्यांनी माझ्या ऑपरेशनच्या मंजुरीची फाइल पुढे सरकवली. न विचारता! गुडघा कुणाचा? वर मला समजावतात, "सुमन, सगळा खर्च ऑफिस देणार आहे. संधी आहे." आमची शाळा विनाअनुदानित, तिथे औषधाचं बिल दिलं तर हेडमास्तर गंमत समजून हसतात. तेव्हा ऑफिसच्या संधीपुढे मी काय बोलणार? निमूट ह्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले.

सर्जन तरुण होते आणि गोड बोलत होते. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "झीज आहे, मॅडम. वयाप्रमाणे. दुर्बीण घालून साफ करून टाकू. दुसऱ्या दिवशी घरी."

मी वर्गात विचारते तसं विचारलं, "साफ केल्यावर झिजलेलं भरून येतं का?"

"भरून येत नाही."

"मग साफ कशाला करायचं?"

"बऱ्याच जणांना बरं वाटतं. काही महिने तरी वाटतं."

"आणि नाही केलं तर?"

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. माणूस खोटा नव्हता, तेवढं म्हणेन. "मग व्यायाम. खरं सांगू का, नुसत्या झिजेसाठी हे ऑपरेशन करावं का, यावर हल्ली बाहेरच्या देशांत वाद चालू आहे. मांडीचे स्नायू बळकट केले तर कदाचित तेवढाच गुण येतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

यावर ते हसले. हसले! "मॅडम, सांगून काय उपयोग? तुमच्या वयाच्या बायका व्यायाम करतच नाहीत. चार दिवस करतात, मग पाहुणे येतात, लग्नं येतात, बंद. ऑपरेशनचं बरं असतं. पेशंटने नुसतं झोपायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुमच्या वयाच्या बायका! नोकरी करून, स्वयंपाक करून, दोन पोरांना शिकवून, नळाला पहाटे पाणी येतं ते भरून ज्या बाया उभ्या आहेत त्या व्यायाम करत नाहीत म्हणे! मी ताडकन उठले. गुडघा इतक्या जोरात कटकन वाजला की डॉक्टरही दचकले. म्हटलं, "व्यायाम कोण शिकवतं तेवढं सांगा."

ह्यांचा चेहरा पडला. जिन्यातून उतरताना म्हणतात, "अगं, पण फाइल पुढे गेलीय!"

"मग मागे आणा."

"व्यायामाला मंजुरी नसते, सुमन. मी मागेच विचारलंय. ते म्हणतात, व्यायाम हा उपचार नाही, ती हौस आहे."

हौस! मला कळ आली की भिंत धरून उभी राहते, ती माझी हौस!

त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत तृप्ती नावाची मुलगी व्यायाम शिकवायची. माझ्या लेकीएवढी, संजनाएवढी असेल. मी मनाची मोठी तयारी करून गेले होते. वाटलं, यंत्रं असतील, दोऱ्या असतील, काहीतरी भारदस्त असेल. तिने मला सतरंजीवर आडवं केलं आणि म्हणाली, "काकू, पाय सरळ ठेवा, मांडी आवळा, आणि टाच जरा वर उचला. आता तसाच धरा."

"बरं. मग?"

"मग खाली. मग परत वर."

"एवढंच?"

"एवढंच. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं."

खरं सांगते, मला अपमान वाटला. वर्षभर ज्या गुडघ्याने माझा मान घालवला, त्याचं औषध खुर्चीवरून उठणं? म्हणजे लंकाबाईंचा गुडघा दुर्बिणीच्या लायकीचा आणि माझा खुर्चीच्या? आणि ते एवढंच करताना घाम फुटला. मांडी थरथरायला लागली. तृप्ती शांतपणे म्हणते, "काकू, श्वास रोखू नका. आणि चेहरा असा रागावलेला का?"

"माझा चेहरा असाच आहे."

"राहू द्या मग. दुखेल सुरुवातीला. दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. पण नागा केलात तर मी ओरडेन."

ती खरंच ओरडायची. मी पोरांवर ओरडते त्याहून वाईट. एकदा लग्नाला जायचं म्हणून नागा झाला, तर म्हणाली, "सर म्हणालेच होते." ते ऐकल्यावर मी पुन्हा नागा केला नाही. रोज सकाळी पाण्याचा नळ गेला की चटई टाकायची आणि त्या डॉक्टरचं हसणं डोळ्यांपुढे आणून पाय उचलायचा. पाय हलका वाटायला लागला तेव्हा तृप्तीने घोट्याला वजन बांधायला सांगितलं. वजन कुठून आणणार? मी तूरडाळ पिशवीत भरून बांधली. दोन दिवस बरी गेली, तिसऱ्या दिवशी पिशवी उसवली आणि डाळ पलंगाखाली, कपाटाखाली, ह्यांच्या बुटात. हे कामावर गेले ते डाळ पायात घेऊन.

याच सुमारास नणंदबाई येऊन थडकल्या. ह्यांनी फाइल सरकवली त्याच दिवशी मनमाडजवळच्या गावी फोन करून सांगून टाकलं होतं, की सुमनचं ऑपरेशन आहे, आक्का, तू ये. कुसाबाई म्हणजे पेशंटसाठी जन्मलेली बाई. पेटी, गादी, एरंडाचं तेल आणि गुळाची ढेप घेऊन रिक्षातून उतरल्या. मी दार उघडलं तर माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिल्या.

"तू उभी कशी गं?"

"आक्का, ऑपरेशन नाही करत आहे. व्यायाम करते आहे."

"नाय? मंग म्या लय लांबून आले ती कशापायी? म्हशी शेजारणीकडं टाकून आले ना!"

जेवेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि त्यांना रिक्षातून गादी उतरवताना कॉलनीने पाहिलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत झुंबररावांच्या मंडळींचं ऑपरेशन झालं असं सगळीकडे झालं. लोक शहाळी घेऊन यायला लागले. मी चटईवर आडवी, एक पाय हवेत, घोट्याला डाळ. लंकाबाई पुढे, मागे मंडळ. सगळ्या माझ्या गुडघ्याकडे टक लावून बसल्या.

"टाके कुठं दिसत नाहीत," लंकाबाई म्हणाल्या.

"टाके नाहीत. ऑपरेशन नाही. हा व्यायाम आहे."

"अगं बाई! ऑफिसने पैसे नाही का दिले?"

"द्यायला तयार आहे. मीच नको म्हटलं."

कुणी वारल्यासारखे सगळ्यांचे चेहरे झाले. मग एकेकीने काढता पाय घेतला. जाताना कोपऱ्यात ठेवलेली शहाळी हळूच उचलून नेली हो त्यांनी! बिनटाक्याच्या बाईला शहाळं कशाला? मी रागाच्या भरात खुर्चीवर बसले आणि हात न टेकता उठून दाखवलं. कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एकट्या कुसाबाई म्हणाल्या, "ह्ये तर म्हातारंबी करतंय."

आणि मग ह्यांची मंजुरी आली. आता ऑफिस म्हणजे ऑफिस. अर्ज ह्यांचा, सही ह्यांची, म्हणून गुडघाही ह्यांचाच धरला. कर्मचारी झुंबरराव यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मंजूर! हे धावत ऑफिसात गेले, की अहो, गुडघा बायकोचा आहे, तोसुद्धा आता नको आहे. तिथून उत्तर, की मंजूर झालेलं असं रद्द होत नाही. कर्मचाऱ्याचा गुडघा चांगला आहे असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे. हे म्हणाले, तपासा की! त्याच दिवशी सकाळी माणूस स्टोअरमधल्या शिडीवर चढून वरच्या फळीवरचे खोके काढून आला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. आणि काय सांगू? ह्यांची झीज माझ्यापेक्षा जास्त निघाली!

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग सोडून द्या. या वयात फोटो काढला की कुणाचंही असं दिसतं. फोटोवर जाऊ नका."

हे शेवटचं वाक्य ह्यांच्या कानात शिरलंच नाही. गेले होते सायकलवरून, आले सायकल हातात धरून, लंगडत. जिन्याच्या प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत. दारातच एक्स-रे माझ्या हातात देऊन म्हणाले, "सुमन, मी संपलो." मी म्हटलं, "सकाळी शिडीवर होतात!" तर म्हणे, "तेव्हा माहीत नव्हतं ना!"

कुसाबाईंना त्यांचा पेशंट मिळाला. गादी पसरली, तेल तापलं, शिरा झाला. "माझा भाऊ कवाधरनं सोसतोय, आन् सांगत नाय," म्हणून त्या डोळे पुसू लागल्या. कॉलनी पुन्हा आली, शहाळी पुन्हा आली, आणि या खेपेला कुणी उचलून नेली नाहीत. ज्याला काडीचं दुखत नाही तो लोडाला टेकून शहाळी पितोय, आणि जी खरी दुखणेकरी ती त्याच खोलीच्या कोपऱ्यात चटईवर पाय वरखाली करतेय. मी ह्यांना शंभरदा म्हटलं, या चटईवर, तुम्हालाही शिकवते. तर म्हणाले, "तुझा गुडघा साधा आहे, सुमन. माझं जरा गंभीर आहे." ऑपरेशनला मात्र तयार नाहीत! मला दुर्बिणीखाली झोपवायला निघालेला माणूस स्वतःची पाळी आल्यावर म्हणतो, "सुई टोचली की मला घेरी येते."

मी बोलणंच सोडलं. पाय उचलत राहिले. पुढे तृप्तीने जिन्याच्या पायरीवर चढ-उतर करायला लावली. येणारेजाणारे विचारायचे, "काय सुमनबाई, किल्ली विसरलात?" गुडघा दुखायचा, नाही असं नाही. पण भिंत धरणं कधी सुटलं ते माझं मलाच कळलं नाही. एक दिवस गच्चीवर वाळवण घालून खाली आले आणि मग लक्षात आलं, की कठड्याला हात लावलेला नव्हता. मी तिथंच पायरीवर बसून रडले. रागानेच रडले, कारण हे कुणाला सांगावं असं माणूस घरात नव्हतं.

पौर्णिमा आली. बसमध्ये मंडळ, मी, कुसाबाई आणि आमचे हे. मंडळात पुरुषाला जागा नसते, पण "माझ्या गुडघ्यासाठी वरून कुणीतरी प्रार्थना करा" म्हणून स्वतःच आले होते. पायथ्याशी सगळ्यांनी चपला काढल्या. लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. माझ्या चपला काढल्या, ह्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, "बसा. नाहीतरी चपलांपाशी कुणीतरी लागतंच."

चढ सोपा नव्हता. मध्येच मी थांबले, मांडी आवळली, श्वास घेतला, पुन्हा चढले. लंकाबाई माझ्या मागे होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एका वळणावर तो थांबला. वळून पाहिलं तर त्या कठड्याला टेकून उभ्या, हात गुडघ्यावर, चेहरा पांढराफटक.

"परत सुरू झालंय," त्या हळूच म्हणाल्या. "उन्हाळा लागल्यापासून. कुणाला सांगितलं नाही. एवढं सगळ्यांना दाखवलं होतं ना."

वर्षभर मी एक वाक्य घोटून ठेवलं होतं, अगदी अशाच वेळेसाठी: "तुम्ही आपल्या बसा इथंच." ओठांवर आलंसुद्धा. पण ती बाई खरंच कळवळत होती आणि ती कळ माझ्या ओळखीची होती. चडफडत हात पुढे केला. म्हटलं, "चांगला पाय आधी टाका. श्वास रोखू नका. आणि नागा केलात तर मी ओरडेन, आत्ताच सांगून ठेवते."

वर लेण्यात शिरल्यावर गार वाटलं. सगळ्या बसल्या. मीही खाली मांडी घालून बसले, वर्षभरात पहिल्यांदा. वंदना सुरू केली. दगडाच्या त्या खोलीत आवाज घुमून आपल्याकडेच परत येतो. मधलं काही राहिलं नाही. एक अक्षर राहिलं नाही. शेवटपर्यंत मी सूर सोडला नाही.

खाली आलो. आमचे हे एका पोऱ्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत उभे. उभे! आम्हाला पाहून पटकन बसले. चपला घालायला लागलो तर एक जोड नाही. माझा!

"अरेच्चा," हे म्हणाले. "आत्ता तर होता."

आणि मंडळ काय म्हणालं असेल? "असू द्या हो, भाऊसाहेब. गर्दीत होतंच." "तुमचं लक्ष कसं राहणार, गुडघा बघा तुमचा!" एकीने तर त्यांना पाणी दिलं.

मग मात्र माझा बांध फुटला. "असू द्या? गर्दीत होतंच? मी वर्षभर ऐकलं ना तुमचं! भाजी आणायला गेले तरी चपला, हळदीकुंकवाला गेले तरी चपला! मी एका पोराला पाणी द्यायला उठले होते, हे गप्पा मारायला उठले! माझ्या ताब्यात होत्या, आणि ह्यांना गर्दी?"

कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला. लंकाबाई खाली वाकल्या, त्यांना वाकताना त्रास झाला, आणि स्वतःच्या चपला काढून त्यांनी माझ्या पायांपुढे ठेवल्या.

"घाला," म्हणाल्या. "रस्ता तापलाय. गेल्या वर्षी चोरीलाच गेल्या होत्या, मला ठाऊक होतं."

ठाऊक होतं! वर्षभर ठाऊक होतं! यावर मी जे बोलणार होते ते राहूनच गेलं, कारण तेवढ्यात स्टॉपवरची बस हलली. आणि आमचे हे, संपलेले, गंभीर, शहाळीवर जगणारे आमचे हे, मुंबईच्या हायवेच्या कडेने असे सुसाट धावले की विचारू नका. दांडा पकडला, उडी मारली, वरून ओरडले, "थांबवा! बायका आहेत मागे!"

"आरं झुंबऱ्या," कुसाबाई जागीच थिजल्या, "गुडघा?"

ह्यांना गुडघा आठवला. बस थांबली, आणि हे लगेच लंगडत आत गेले. मात्र दुसऱ्याच पायाने.

बसमध्ये लंकाबाई माझ्या शेजारी बसल्या, अनवाणी. नाशिकरोड आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सकाळी किती वाजता टाकता चटई?"

"नळ गेल्यावर. आपली चटई आपण आणायची. ह्यांची मी टाकणार आहे, त्यांना आवडो न आवडो."

लंकाबाईंच्या चपला मला लहान होत्या. टाचेला चांगल्याच चावत होत्या. पण बसस्टॉपपासून घरापर्यंत, सगळ्या कॉलनीच्या डोळ्यांसमोर, मी त्या काढल्या नाहीत.